तीन रिकामे चिमटे

(दृश्य: सकाळ. वऱ्हांड्यात काचेचं लोखंडी कपाट, त्याला कुलूप.)

शाळेचं ग्रंथालय म्हटलं की बहुतेकांना हेच आठवतं. किल्ली ज्यांच्याकडे, ते नेमके आज रजेवर.

इथल्या बाईंनी जूनमध्येच ते कुलूप काढलं. जिन्याखालच्या भिंतीत दोन खिळे ठोकून सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगली. यामागे साधा हिशेब आहे. मुलांची मराठी पुस्तकं बरीचशी 16 नाही तर 24 पानांची, मधोमध पिना मारलेली. कपाटात उभी केली की नाव दिसायला जागाच उरत नाही. दोरीवर आख्खं मुखपृष्ठ समोर येतं.

(दृश्य: दोरीपाशी पाचवीतली मुलगी.)

उंची ठरवायला बाईंनी हिलाच उभं केलं होतं. आधी बांधलेली दोरी मग हातभर खाली आली.

भारतीय ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं तिसरं: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. त्यांच्या जन्मदिवशी, 12 ऑगस्टला, बाईंनी वर्षभर कुणीच न नेलेली पुस्तकं तेवढी टांगली. वर पाटी: 'आम्हाला कुणी विचारत नाही.' दुपारच्या सुट्टीत दोरीभोवती हीऽ गर्दी.

15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन मात्र बऱ्याच ठिकाणी कसा होतो, ठाऊक आहे. कलामांच्या फोटोला हार, टेबलावर इस्त्रीची चादर, त्यावर नीट मांडलेली पुस्तकं. फोटो निघतो आणि पुस्तकं परत कपाटात. याला मांडणी म्हणायला जीभ रेटत नाही.

(दृश्य: पुठ्ठ्यावर काढलेली चिमणी, गळ्याशी पिवळा ठिपका.)

हा नोव्हेंबर. पुठ्ठ्यावर एकच ओळ: 'ही चिमणी कुणी मारली?'

उत्तर मागच्या बाजूला आहे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं अशी चिमणी पाडणारा मुलगा म्हणजे सालिम अली. हा कुठला पक्षी, ते घरात कुणालाच सांगता येईना. तेव्हा मामांची चिठ्ठी घेऊन तो मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तिथं पेंढा भरलेले पक्षी पाहिले आणि पुढचं सगळं आयुष्य पाखरांमागे गेलं. त्यांचा जन्मदिवस 12 नोव्हेंबर. पुठ्ठ्याखाली पक्ष्यांची पाच पुस्तकं. 'थोर पक्षीशास्त्रज्ञ' अशी पाटी लावली असती, तर पुठ्ठा कुणी उलटला असता?

फेब्रुवारीत गंमत आहे. 27 ला मराठी भाषा गौरव दिन, लगेच 28 ला विज्ञान दिन. एका रात्रीत दोन दोऱ्या कशाला? बाईंच्या मनात एकच दोरी आहे, मराठीतल्या विज्ञानकथांची.

(दृश्य: शाळा सुटल्याची घंटा.)

"बाई, हे घरी नेऊ?"

"ने की. आधी वहीत नाव लिही."

"पण दोरी रिकामी दिसेल ना!"

"दिसू दे."

(दृश्य: सुतळी. दोन पुस्तकं, तीन रिकामे चिमटे. वाऱ्यानं हलतात.)