पहाटेचं हिव आणि कामाची वाट

श्रोतेहो, नमस्कार. मे महिन्यात 45 अंशांचं ऊन सोसणारा आपला खानदेश डिसेंबर-जानेवारीत 8 अंशांवर, कधी त्याच्याही खाली येतो. उन्हाळ्यात कामाच्या वेळा बदलायच्या हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. थंडीत मात्र त्याच वेळा, तीच मोटरसायकल आणि तोच पातळ शर्ट चालतो. त्याबद्दल आज बोलायचं आहे.

पहिली गोष्ट आकड्याची. बातम्यांत ऐकलेलं किमान तापमान असतं जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन, गवत, गाडीचा टप हे सगळं त्याहून तीन-चार अंशांनी थंड होतं. म्हणूनच सातपुड्यात डाब, तोरणमाळच्या बाजूला गवतावर पांढरा थर दिसतो. हा वरून पडलेला बर्फ नव्हे, जागच्या जागी गोठलेलं दव आहे. थंड हवा जड असते, ती उतारानं वाहत नाल्यात आणि खोलगट शेतात साचते. टेकाडावरचं घर आणि नाल्याकाठचं शेत यांची थंडी कधीच सारखी नसते.

आणि सगळ्यात थंड घटका मध्यरात्रीची नसते. जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते, त्यामुळे पारा सर्वांत खाली येतो तो सूर्योदयाच्या आसपास. नेमक्या त्याच वेळी दूधवाले, भाजीवाले, कंपनीची पहिली पाळी आणि शाळेची मुलं रस्त्यावर असतात. ज्यांना जमेल त्यांनी सूर्य वर आल्यावर तासाभरानं निघावं. या एका बदलाचा उपयोग जाड स्वेटरपेक्षा जास्त होतो.

ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी हिशेब असा. हवा 8 अंशांची असेल आणि मोटरसायकल ताशी 50 किलोमीटरनं चालली असेल, तर उघड्या कातडीला साधारण 3 अंशांसारखी थंडी लागते. बोटं बधिर होतात आणि क्लच-ब्रेक दाबायला उशीर होतो, अपघाताचं मूळ इथेच आहे. नुसते लोकरीचे हातमोजे वारा अडवत नाहीत, त्यांवर रेक्झिनचे किंवा रेनकोटच्या कापडाचे मोजे हवेत. छातीवर स्वेटरच्या आत वर्तमानपत्राचे तीन-चार पदर घाला, वर विंडचीटर. मफलरचं टोक चाकाकडे लोंबू देऊ नका. हेल्मेटच्या काचेवर श्वासाची वाफ धरते, म्हणून काच बोटभर उघडी ठेवा. टायरची हवा पहाटे, गाडी चालवण्याआधी तपासा, कारण गारठ्यात दाब उतरतो.

तापी-गिरणाकाठी धुकं असेल तर हेडलाइट डिपरवर ठेवा. अप्परचा उजेड धुक्यावरून परतून डोळ्यांवर येतो. उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या या दिवसांत बिनालाइटच्या पुढ्यात येतात. ट्रॉलीमागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी लावायला खर्च फार नाही, ती लावाच.

आता रावेर-यावलच्या केळीबागांकडे. 10-12 अंशांखाली केळीची वाढ जवळपास थांबते, पानं पिवळी पडतात, निसवणारा म्हणजे बाहेर पडू पाहणारा घड पोग्यात, शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, अडकतो. उपाय पाण्याचा आहे: विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा बरंच कोमट असतं, ते रात्री ठिबकनं दिलं की मुळांजवळची माती एकदम गार पडत नाही. उत्तरेच्या बाजूनं शेवरीची किंवा गवताची वारारोधक ओळ हवी. घडाला स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकणारी पिशवी, घाला. बागेत पहाटे धूर करतात, पण धूर स्वतः ऊब धरून ठेवत नाही. बागेत बऱ्याच ठिकाणी लहान लहान शेकोट्या पेटवल्या तर थोडा फरक पडतो. बाग रस्त्याला लागून असेल तर मात्र धूर करू नका, तो धुक्यात मिसळून समोरचं सगळं झाकतो.

शेतीपंपाला रात्रीची लाइट असेल तर पाणी भरायला जाणाऱ्यानं गमबूट, टॉर्च आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड नेलाच पाहिजे. ओल्या हातानं स्टार्टरला हात लावू नका. भिजलेल्या कपड्यांत शरीराची ऊब फार लवकर जाते. मळ्यातल्या खोलीत दार लावून निखाऱ्यांची शेगडी पेटवून झोपणं जीवघेणं आहे: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत कळत नाही. दारूनं ऊब वाटते, पण रक्त कातडीकडे येऊन शरीर उलट लवकर गार पडतं.

कुणाला खूप हुडहुडी भरली तर ओले कपडे काढा, गोधडीत गुंडाळा, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका आणि शेकोटीला चिकटवून बसवू नका, बधिर कातडी भाजल्याचं कळत नाही. बोलणं अडखळायला लागलं किंवा थरथर थांबूनही माणूस सुस्तच राहिला, तर वाट न पाहता 108 वर फोन करा.