हव्या होत्या सतरा धावा

हे चेपॉक. चेन्नईचं मैदान. ३१ जानेवारी १९९९, रविवार. भारत-पाकिस्तान कसोटीचा चौथा दिवस. जिंकायला २७१ हव्या होत्या, आणि ८२ धावांत निम्मा संघ परतला होता.

आमच्या घरी त्या दिवशी जागेवरून उठायची कुणाला मुभा नव्हती. आजोबा खुर्चीत. काका दारात उभे असताना एक चौकार गेला, म्हणून त्यांनी पुढचे कित्येक तास दारातच काढले. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आहे ना रे अजून?" कोण, ते विचारावं लागत नव्हतं. पहिल्या डावात सचिन शून्यावर गेला होता.

त्याची पाठ भरून आली होती. फटका मारला की तो वेदनेनं वाकायचा, आणि इकडे आमचा श्वास अडकायचा. समोर नयन मोंगिया. दोघांनी १३६ धावा जोडल्या. मोंगिया ५२ वर गेला, तरी सचिन मारतच राहिला. आता हव्या होत्या फक्त सतरा, हाताशी चार गडी. साखर वाटायची की पेढे आणायचे, यावर घरात बोलणं सुरू झालं होतं.

सकलेनचा चेंडू उंच उडाला. खाली वसीम अक्रम.

आजोबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पुढचं त्यांनी पाहिलंच नाही. उरलेले तीन गडी चार धावांत गेले. सचिनच्या १३६, आणि भारत बारा धावांनी हरला.

"अरे, खेळच आहे तो," असं शेजारी म्हणाले. खरं असेल. पण त्या रात्री आमच्याकडे ताटं तशीच उरली. खेळावर जीव लावला की हे असं दुःख घरात येतं, आणि ते बाहेर कुणाला समजावता येत नाही.

चेपॉकवर मात्र त्याच संध्याकाळी पाकिस्तानचा संघ मैदानाला फेरी मारू लागला, आणि प्रेक्षक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. ज्यांच्या तोंडचा घास गेला होता, तीच ही माणसं. मला आजही त्या लोकांचा अभिमान वाटतो.

आता वानखेडे. २ एप्रिल २०११, विश्वचषकाची अंतिम लढत. लक्ष्य २७५. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर बाद. सचिनचा हा सहावा विश्वचषक, आणि तो १८ वर गेला. भरलेलं मैदान एकदम गप्प.

माझा हात रिमोटकडे गेला. सचिन बाद, की टीव्ही बंद; घरोघरी हाच रिवाज होता. आजोबांची खुर्ची आता रिकामी होती. आई म्हणाली, "राहू दे चालू." काका काही न बोलता उठले आणि दारात जाऊन उभे राहिले.

गंभीर ९७. धोनी नाबाद ९१. शेवटचा षटकार प्रेक्षकांत पडला, गल्लीत फटाके सुरू झाले. पडद्यावर सचिन सहकाऱ्यांच्या खांद्यावर होता, हातात तिरंगा. आई हाका मारत होती, तरी काका दारातून हलायला तयार नव्हते.