चौथा खांदा

[दृश्य: कोरडे नदीपात्र, दुपारची वेळ. पार्श्वसंगीत नाही.]

लक्ष्मीबाई डोंगरे यांनी रायचूर येथे देह ठेवला तेव्हा दक्षिणेत दुष्काळ पडला होता आणि त्यांची तिरडी उचलायला चार माणसे मिळत नव्हती. मुलगा श्रीनिवास होता, मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण तयार झाले, आणि चौथी जागा धाकट्या मुलीने घेतली. स्मशान सुमारे तीन मैलांवर होते. मुलगी इतकी ठेंगणी, की इतरांच्या खांद्याशी तिचा खांदा जुळेना. म्हणून तिने तो भार डोक्यावर घेतला. त्याच्या थोडे आधी हीच मुलगी आईसाठी शेजारच्या दारात उभी राहिली होती. भीक मागायला तोंडातून शब्द फुटेना. घरच्या बाईने न मागताच बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला, पण तो गिळण्याचे त्राण आईत उरले नव्हते.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. जन्म २३ एप्रिल १८५८.

काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण अशी तीन माणसे गेली. वडील अनंतशास्त्री हे गाढे विद्वान होते. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी स्वकीयांचा रोष ओढवून घेतला होता. तीर्थयात्रा, व्रते, दाने आणि पुराणकथन यांत कुटुंबाचे आयुष्य आणि होते नव्हते ते द्रव्य संपले. देवाला दिले म्हणजे देव सांभाळील, ही त्या घराची श्रद्धा होती आणि दुष्काळाने नेमका तिच्यावरच घाव घातला. अखेरच्या दिवसांत दृष्टी गेलेल्या वडिलांनी धाकटीला जवळ घेऊन सांगितले, की तुला मी देवाच्या हाती दिले आहे, तू त्याचीच राहा आणि जन्मभर त्याचीच सेवा कर. ही आठवण रमाबाईंनी पुढे ख्रिस्ती झाल्यानंतर, आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या वाटचालीच्या आत्मकथनात, लिहिली आहे. त्यांनी देवाविषयीची कल्पना बदलली, पण वडिलांनी घातलेली शपथ मोडली नाही, असे ती साक्ष वाचताना वाटत राहते.

[दृश्य: पंजाबातील नदीकाठची वाळू.]

उरलेली दोन भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. झेलमच्या काठी एका रात्री थंडीपासून वाचण्यासाठी त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून स्वतःला वाळूने झाकून घेतले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्याच मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो संसार दोन वर्षेही टिकला नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने पती गेले तेव्हा रमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा दहा महिन्यांचीही झाली नव्हती.

वैद्यकीय शिक्षण घेण्यासाठी त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, परंतु ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच काळात तिथे आत्मघात केला. या आघाताला फार दिवस झाले नव्हते, तोच २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. दुःखाने खचलेल्या स्त्रीने आधार शोधला, एवढेच म्हणून हा प्रसंग निकालात काढणाऱ्यांनी त्यानंतरची त्यांची पत्रे वाचावीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या सिद्धान्तापासून चर्चच्या अधिकारापर्यंत ज्या ज्या गोष्टी पटल्या नाहीत, त्यांवर त्या आपल्या ख्रिस्ती हितचिंतकांशी वर्षानुवर्षे वाद घालत राहिल्या. पुढे त्यांनीच प्रांजळपणे लिहिले, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी सुमारे आठ वर्षे गेली.

तोपर्यंत त्या भारतात परतल्या होत्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपांवरून मोठे वादळ उठले, सल्लागार मंडळातील रानडे आणि भांडारकर दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादाची दोन्ही बाजूंची कागदपत्रे पुष्कळ आहेत. आपल्याला इथून केडगावला जायचे आहे.

[दृश्य: केडगाव, दौंड तालुका. मुक्ती मिशनचे आवार, विहीर, झाडे.]

सदनाचा खर्च शेतीतून भागावा म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कानावर येताच आपल्या उपासमारीचे दिवस पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहिले, असे त्यांनी लिहिले आहे. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, नव्या मुलींना शहरात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. 'मुक्ती'ची सुरुवात अशी झाली. त्याच वर्षी, प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहून सरकारला जाब विचारला. प्रार्थना करणारी बाई गप्प बसेल, असे कोणाला वाटले असेल तर तो समज त्या पत्राने दूर केला.

१९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात पोहोचली. इथे येणाऱ्या कित्येक मुली हाडांचे सापळे होऊन आलेल्या असत आणि अन्न पुढे आले तरी सगळ्याच त्यातून वाचत नसत. रमाबाईंना हे दृश्य नवे नव्हते. बाजरीचा तो तुकडा उशिरा पोहोचला होता. इथे निदान काहींच्या बाबतीत तो वेळेवर पोहोचावा, एवढ्यासाठी विहिरी खणल्या गेल्या, धान्य पेरले गेले, माग चालू झाले, अंध स्त्रियांना वाचायला आणि हाताचे काम करायला शिकवले गेले. देव असे का होऊ देतो, या प्रश्नाचे तयार उत्तर त्यांच्या लिखाणात शोधून सापडत नाही. सकाळची उपासना मात्र आहे, आणि पाठोपाठ कोठीचा हिशेब.

[दृश्य: जुने छापखान्याचे खिळे, जवळून.]

उत्तरायुष्यात रमाबाईंनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला वाचता यावे इतके सोपे मराठी त्यांना हवे होते. संस्कृत पुराणे मुखोद्गत असलेल्या विदुषीला ही सोपी भाषा मुद्दाम कमवावी लागली असणार. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या स्त्रियाच करीत.

हे काम चालू असतानाच २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. वडिलांच्या निधनानंतर आईच्या कडेवर बसून पुण्याला आलेली, आईबरोबर बाप्तिस्मा घेतलेली आणि पुढे शारदा सदन सांभाळणारी मनोरमा चाळीस वर्षांची होती. तिच्यामागे रमाबाईंच्या रक्ताचे जवळचे असे कोणी उरले नाही.

भाषांतराचे काम थांबले नाही. मुद्रिते, म्हणजे छपाईचे कच्चे नमुने, तपासून पूर्ण होईपर्यंत आयुष्य मिळावे, अशी प्रार्थना रमाबाईंनी केल्याची आठवण सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचे निधन झाले. मुक्तीतल्या स्त्रियांनी पुढची पाने छापली आणि १९२४ मध्ये ग्रंथ पुरा झाला.