किती तास चालला?

(फोंड्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, मघाशी माझी ओळख करून देताना शोधनिबंधांचा आकडा सांगितला गेला आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आमच्या धंद्यातला जाणता माणूस यादी मोजत बसत नाही. तो एकच विचारतो, "कॅटॅलिस्ट किती तास चालला?" कॅटॅलिस्ट म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ. आमचा कॅटॅलिस्ट झिओलाइटचा.

आधी झिओलाइट म्हणजे काय ते सांगतो. क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने 1756 साली एक दगड तापवला, तर त्यातून पाण्याची वाफ फसफसून निघाली. म्हणून ग्रीक शब्द जोडून नाव ठेवलं, उकळणारा दगड. आपल्या जांभ्यात तो शोधू नका. घाट चढून पुणे-नाशिककडे गेलात की काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत त्याचे सुरेख स्फटिक मिळतात. आतून तो म्हणजे नुसती चाळण. भोकं मात्र रेणूंच्या मापाची.

भाटीवर काजूचा रस एकदा उकळला की हुर्राक, पुन्हा उकळला की फेणी. हट्टाने उकळतच राहिलात तर साधारण 95 टक्क्यांपाशी अल्कोहोल अडतं, कारण राहिलेलं पाणी त्याच्याच बरोबर वाफ होऊन वर येतं. तिथे 3ए जातीचा झिओलाइट लावतात. त्याची भोकं सुमारे 3 अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग). पाणी आत शिरतं, अल्कोहोल दारातच राहतं. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल असं कोरडं करतात. (फेणीवर हा प्रयोग करू नका, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.)

हे झालं गाळणं. आमचं काम त्याच्या पुढचं. जाळीत सिलिकॉनच्या जागी अॅल्युमिनियम बसला की ऋण भार येतो. तो भागवायला प्रोटॉन बसवला की भोकाच्या आतच आम्ल तयार. मोबिल कंपनीच्या झेडएसएम-5 या अशाच झिओलाइटचं पेटंट 1972 चं. त्याची भोकं साधारण साडेपाच अँगस्ट्रॉम. झायलीन नावाच्या रसायनाची तीन रूपं, तीन भावंडंच म्हणा. त्यातलं पॅरा सडपातळ, ते निसटून बाहेर येतं, बाकीची दोघं आत अडखळतात. पॉलिएस्टरला लागतं ते नेमकं पॅराच.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामींच्या गटाने याच घराण्यातले एन्सिलाइट नावाचे झिओलाइट बनवले. त्यांतल्या एकावर अल्कोहोल आणि बेंझिनपासून एथिलबेंझिन करण्याची आल्बीन प्रक्रिया उभी राहिली, ती विशाखापट्टणमच्या कारखान्यापर्यंत गेली. मला विचाराल तर खरी कामगिरी त्याला म्हणावी. कारखाना तुमचा निबंध वाचत नाही. तो महिनोन्‌महिने रोज सकाळी तुमची परीक्षा घेतो.

आता माझी गोष्ट. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात, जेल भरायचं, 170 अंशांवर काही दिवस ठेवायचं, उघडायचं. कधी स्फटिक, कधी नुसता पांढरा चिखल. स्फटिक मिळाले की ज्याच्याभोवती त्यांची भोकं घडतात तो साच्याचा अमाइन भट्टीत जाळायचा. तेव्हा अशी मासळीची घाण सुटायची की मी एकटा गोंयकार, म्हणून सगळे माझ्याच डब्याकडे बघायचे!

एक नमुना पहिल्या तासाला अप्रतिम चालला. संध्याकाळपर्यंत निम्म्यावर आला. रात्री रिअॅक्टर उघडला तर पांढरे दाणे काळेकुट्ट झालेले. कोक. भोकांची तोंडं कोळशाने बंद. हवेत 550 अंशांवर जाळला, पुन्हा पांढरा झाला, पुन्हा चालला, पण आधीइतका नाही. तिसऱ्या खेपेला आणखी कमी.

हे सगळं वहीत आहे. निबंधात मी पहिल्या तासाचा आकडा दिला. आकडा खरा होता, तपासणाऱ्यांनीही पुढचं काही विचारलं नाही.

दोन बाटल्या आणल्यात, हातोहात फिरवा, बूच मात्र काढू नका. काळीवर माझ्याच अक्षरात 'अकरा तास' लिहिलंय. तो निबंध मघाच्या आकड्यात धरलेला आहे.