आधी काच पूस की!

नमस्कार श्रोतेहो. शस्त्रक्रिया शिकणाऱ्या पोरांच्या मदतीला आता एआय आलंय, त्याबद्दल आज बोलू.

खडे झाले की दुर्बिणीतून पित्ताशय काढतात हे घरोघरी माहीत आहे. भारतात अशी पहिली शस्त्रक्रिया 1990 साली मुंबईत डॉ. तेहमटन उदवाडियांनी केली. आता खड्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तांबड्या रश्शाला उगाच बदनाम करू नका. तिखटानं खडे होत नाहीत. वरचा तेलाचा कट तेवढा जरा कमी घ्या.

तर या शस्त्रक्रियेत मोठी भीती असते ती पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिकाच कापली जाण्याची. म्हणून सर्जन डॉ. स्ट्रासबर्ग यांनी 1995 साली दंडक घालून दिला: आधी चरबी साफ करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करा, आणि पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत. एक नळी, एक रक्तवाहिनी. दोनच! शेकडो व्हिडिओंवर शिकवलेलं एआय आता पडद्यावर सुरक्षित जागा हिरवी रंगवतं, धोक्याची लाल.

आमचे एक सर आहेत, कागलकडचे. निवृत्त झालेत, पण पोरांना शिकवायला अजून येतात. एका पोरानं लॅपटॉपवर रंगवलेला व्हिडिओ लावला होता. सर म्हणाले, "ही कसली रंगपंचमी मांडलीयस?" पण खुर्ची ओढून बसले. हिरवं बघून मान हलवली, "बरोबर हाय." तेवढ्यात व्हिडिओत कॉटरीचा, म्हणजे विजेवर जाळत कापणाऱ्या अवजाराचा, धूर झाला, दुर्बिणीची काच धुरकट. हिरवा डाग मात्र तसाच, हळूहळू सरकत लालवर चढलेला. सरांनी व्हिडिओ थांबवला.

"आता कुठं जाशील?"

"सर, हिरवं दाखवतंय तिकडं."

"लेका, तुला काय दिसतंय का?"

"नाही सर."

"मग त्याला कुठनं दिसंल? आधी काच पूस की!"

मग सरांनी रंग बंद करायला लावले. व्हिडिओ थांबवायचा, प्रत्येकानं कुठं हात घालणार ते कागदावर काढायचं, आणि मगच रंग चालू करून ताडून बघायचं. आधी कागद, मग रंग. तेव्हापासून हीच पद्धत पडलीय. चहा गार होईपर्यंत पोरं भांडतात.

आणि हो, दुर्बिणीतून सुरू केलं आणि मध्येच पोट उघडावं लागलं, असं डॉक्टर म्हणाले, तर फसलं असं समजू नका. नीट दिसेना म्हणून ते थांबले असतील. संमतीपत्रावर तशी ओळ असते. सही करण्याआधी वाचत चला.