हातचे चार

(अमळनेर येथे शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

तुमच्यापैकी बहुतेकांच्या वर्गात असं एक तरी पोर असेल. फळ्यावर २७ गुणिले ६ मांडलंय. सात सक बेचाळीस, दोन मांडले, हातचे चार. बे सक बारा... आणि ते चार हरवतात. रोज हरवतात. आपण ओरडतो, ‘लक्ष कुठंय तुझं?’

लक्ष घरी आहे. काल रात्री बाप पिऊन आला, ताट भिरकावलं, आईला मारलं. आज संध्याकाळी काय होईल, कसा आवाज काढत येईल, धाकटीला घेऊन कुठं जायचं, हे सगळं ते पोर मनात धरून बसलेलं असतं. हातचे धरायलाही तीच जागा लागते.

आई सांगते, ‘पोऱ्या जपेल व्हता, त्याले काय मालूम?’ म्हणजे पोरगं झोपलं होतं, त्याला काय माहीत. माउलीनं असं म्हणणं मी समजू शकतो. पण झोपेचं सोंग घेतलेलं मूल सगळं ऐकतं. २००३ साली ब्रिटनमधल्या पाच वर्षांच्या १,११६ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात तीव्र हिंसा पाहिलेल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ८ गुणांनी कमी होता. अभ्यास जुळ्यांचा, त्यामुळे आनुवंशिकतेचा भाग वेगळा काढता आला, तरी फरक उरलाच. ही सरासरी आहे, कुणा एकाच्या कपाळावरचा शिक्का नव्हे.

मुलाचा मेंदू बिघडलेला नसतो, पहाऱ्यावर असतो. धोका ओळखणारा भाग सतत जागा राहतो. मग डस्टर आपटलं तरी ते दचकतं, आणि विचार करायला, थांबायला, आठवायला लागणारी ताकद तिकडंच खर्च होते.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या शाळांच्या अभ्यासात तर असं दिसलं, की अशा मुलाच्या वर्गमित्रांचे गुणही घसरतात. पण घरातली हिंसा न्यायालयापुढे गेली, की वर्गावरचा हा परिणाम संपतो. मला हे फार मोलाचं वाटतं. ‘घरची भानगड, आपण कशाला पडा’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

आता एक कळकळीची विनंती. गुण कमी पडले म्हणून लगेच ‘उद्या वडिलांना घेऊन ये’ म्हणू नका. त्या निरोपाचा मार रात्री मुलाला बसतो, कधी त्याच्या आईला. आधी आईशी बोला, एकटीशी, शाळा सुटल्यावर. कापूस वेचणीच्या दिवसांत तिला वेळ नसेल, तर तिच्या सोयीनं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याला माहिती कुणीही देऊ शकतं, आणि सद्हेतूनं देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही. मुलांसाठी १०९८ ही मदतीची फोन सेवा आहे. आणि वर्गात छडी नको. शिक्षण हक्क कायद्यानं ती बंद केलीच आहे, पण या मुलासाठी तर शाळेचे ते तासच काय ते बिनधोक. हातचे चार त्याला वहीच्या कोपऱ्यात लिहू द्या. डोक्यात धरायचा आग्रह काही दिवस सोडा.