शिडं उतरल्यावर

(पडद्यावर: रॉस्किल्डचं बंदर. मावळतीचा उजेड. शिडं उतरवून ठेवलेली जहाजं.)

दुपारचे साडेतीन. सूर्य फियॉर्डच्या, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, पाण्याला टेकलाय. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डेन्मार्कमधला दिवस जेमतेम सात तासांचा असतो, आणि आजचा संपत आलाय. आमची सुट्टी थंडीत आली म्हणून आम्ही थंडीत इथं आलो. पण व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातले ते जुने दर्यावर्दी, समजून घ्यायचे तर याच दिवसांत यावं, असं आता मी मनापासून सांगेन.

व्हायकिंग म्हटलं की डोळ्यांपुढे धाडच उभी राहते. इ.स. ७९३ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या लिंडिसफार्न बेटावरचा मठ त्यांनी लुटला. बहुतेक पुस्तकं व्हायकिंग युगाची सुरुवात तिथूनच धरतात. अँग्लो-सॅक्सन बखरीत या धाडीची तारीख जानेवारीतली दिली आहे. अभ्यासक ती लेखनिकाची चूक मानतात. दुसऱ्या एका जुन्या नोंदीत ८ जून ही तारीख आहे आणि तीच पटते. भर जानेवारीत उघड्या जहाजातून उत्तर समुद्र ओलांडायला कोण निघेल?

मग जानेवारीत ही माणसं काय करत होती? हा प्रश्न घेऊन आम्ही फिरलो.

(पडद्यावर: संग्रहालयाचं दालन. भिंतभर काच. काचेपलीकडे फियॉर्ड.)

रॉस्किल्डच्या व्हायकिंग जहाज संग्रहालयात पाच जहाजं आहेत. साधारण १०७० च्या सुमारास ती दगड भरून मुद्दाम बुडवली होती. इथून वीसेक किलोमीटर उत्तरेला, स्कुल्डेलेव गावाजवळ, शत्रूची वाट अडवायला. १९६२ मध्ये संशोधकांनी त्या जागेभोवती बांध घातला, आतलं पाणी उपसलं आणि चार महिन्यांत हजारो तुकडे बाहेर काढले. नऊ शतकं भिजलेलं लाकूड वाळलं की तडकतं, म्हणून त्यावर सतत पाणी मारत राहावं लागे. लाकडावर पाय पडू नये म्हणून माणसं वर टांगलेल्या फळ्यांवर पालथी पडून चिखल काढत होती. आधी सहा जहाजं असावीत असं वाटलं होतं. नंतर कळलं की दुसरं आणि चौथं एकच आहे. म्हणून आजही क्रमांक आहेत एक, दोन, तीन, पाच आणि सहा.

मी रेंगाळले ती क्रमांक दोनपाशी. सुमारे ३० मीटर लांबीचं हे युद्धनौकेचं धूड. आज त्याचा चौथा हिस्साच उरलाय. लाकडाच्या वर्षवलयांवरून कळलं की ते १०४२ मध्ये, डब्लिनजवळच्या ओकच्या झाडांपासून बांधलं होतं. आयर्लंडमध्ये बांधलेलं जहाज डेन्मार्कच्या फियॉर्डच्या तळाशी!

(पडद्यावर: कुऱ्हाडीने फळी तासणारे हात.)

त्या सुतारांनी फळ्या करवतीने कापल्या नाहीत. खोडात पाचरी ठोकून ते आधी दोन भागांत फोडायचं, मग चार, मग आठ, संत्र्याच्या फोडींसारखं. लाकूड आपल्या रेषेने फुटतं, त्यामुळे फळी पातळ असूनही चिवट राहते. मग कुऱ्हाडीने तासून, एकीची कड दुसरीवर चढवून, लोखंडी खिळ्यांनी जोडायची. असं जहाज लाटेवर किंचित वाकतं, आणि म्हणूनच मोडत नाही.

याच जहाजाची प्रतिकृती रॉस्किल्डमध्ये बांधली गेली. २००७ च्या उन्हाळ्यात साठेक माणसं ती वल्हवत, शिडावर हाकत डब्लिनला घेऊन गेली आणि पुढच्या वर्षी परत आली. तिचं शीड ११२ चौरस मीटरचं. म्हणजे सुमारे १२०० चौरस फूट. आपल्याकडच्या ऐसपैस दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढं कापड!

आणि त्या काळी इकडे शीड विणायचे लोकरीचं.

इथं मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. उत्तरेकडच्या जुन्या जातीच्या मेंढ्यांना दुहेरी लोकर असते. वरचे केस लांब, राठ. आतली मऊ, दाट. राठ केसांचं सूत ताण्याला, मऊ लोकरीचं बाण्याला. चरखा तेव्हा युरोपात नव्हता. सगळं सूत हातातल्या चातीवर काढायचं. मग भिंतीला टेकवलेला उभा माग, आणि ताणा खेचून धरायला खाली टांगलेले दगड. विणून झालं की वारा आरपार जाऊ नये म्हणून कापडाला चरबी आणि डांबर चोपडायचं. मोठ्या शिडाला जेवढी मेहनत लागे, तेवढी जहाजाच्या लाकूडकामालाही लागत नसे, असा जाणकारांचा हिशेब आहे. शेताची कामं आटोपल्यावर, लांबलचक रात्रींत, चुलीच्या उजेडात बायका हे सूत काढत बसत असतील. जूनमधली धाड निघायची ती त्यांच्या हातच्या कापडावर.

दालनातल्या पाचही जहाजांपैकी एकाचंही शीड उरलेलं नाही. नॉर्वेत त्रोंदेनेसच्या मध्ययुगीन चर्चच्या छपरात मात्र, फटी बुजवायला कोंबलेला जुन्या शिडाचा लोकरी तुकडा सापडला. एवढ्यावरून संशोधकांनी विणीचा, धाग्याचा, मेंढीचा माग काढला. या चिकाटीपुढे मी हात जोडते.

(पडद्यावर: कोपनहेगन. दिव्यांनी सजलेले रस्ते.)

कोपनहेगनला आमची एकच संध्याकाळ गेली. दुकानोदुकानी ‘यूल’ लिहिलेलं. नाताळचा डॅनिश शब्द हाच, आणि तो ख्रिस्ती धर्म इथं येण्याआधीचा, भर थंडीतल्या जुन्या सणाचा. दुसऱ्या दिवशी डेन्मार्क आणि स्वीडन जोडणाऱ्या ओरेसुंडच्या पुलावरून समुद्र ओलांडून आम्ही आगगाडीनं स्वीडनमधल्या स्टॉकहोमला निघालो.

(पडद्यावर: मेलारेन सरोवर. काठाला धरलेला बर्फ.)

स्टॉकहोम हे व्हायकिंगांचं शहर नाही. ते वसलं तेराव्या शतकात. त्यांचं शहर इथून पश्चिमेला, मेलारेन सरोवरातल्या ब्योर्को बेटावर. नाव बिर्का. इ.स. ७५० च्या सुमारास उभं राहिलं, दोनेकशे वर्षांनी ओस पडलं. पर्यटकांच्या बोटी हिवाळ्यात तिथं जात नाहीत, तेव्हा बिर्का आम्ही पाहिली ती स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात.

ती शोधली यालमार स्टोल्पे या कीटक-अभ्यासकानं. अंबरात, म्हणजे झाडाच्या अश्मीभूत डिंकात, अडकलेले किडे तो जमवत असे. १८७१ मध्ये अंबराच्या शोधात तो बेटावर आला आणि त्याच्या लक्षात आलं की पायाखाली अख्खं शहर आहे. पुढची वीस-बावीस वर्षं त्यानं हजाराच्या वर थडगी उकरली. किडे बाजूलाच राहिले!

बिर्काच्या काळ्या मातीत जे निघालं, त्यातलं कितीतरी थंडीतलं आहे. बर्फावर पाय घसरू नये म्हणून लावायचे लोखंडी काटे. जनावरांच्या हाडांचे स्केट. गाईघोड्यांच्या पायाचं हाड एका अंगाने घासून गुळगुळीत करायचं, पायाला बांधायचं आणि टोकदार काठीनं बर्फाला रेटा देत पुढं सरकायचं. सरोवर गोठलं की वाट बंद होत नव्हती. उलट सगळीकडे सपाट रस्ता तयार व्हायचा. आणि मातीत सापडली खार, कोल्हा, मुंगसासारखा दिसणारा मार्टेन अशा प्राण्यांच्या पंजांची बारीक हाडं. कातडी सोलताना राहिलेली. थंडीतच या प्राण्यांची लव सगळ्यात दाट असते, म्हणून शिकार थंडीतली. तीच कातडी पुढं नद्यांच्या वाटेनं पूर्वेकडे जायची, आणि बदल्यात अरबी चांदीची नाणी यायची. ती मोजत नसत, तोलत. वजन भरेना तर नाणंच कापून तुकडा टाकत.

(पडद्यावर: काचेच्या पेटीत एक छोटी मूर्ती. कॅमेरा हळूहळू जवळ.)

आणि मग ही मूर्ती. उंची साडेआठ सेंटिमीटरही नाही. कमळावर बसलेला बुद्ध. बिर्काच्या आधी याच सरोवरातल्या हेल्यो बेटावर व्यापाराचं ठाणं होतं. तिथल्या उत्खननात १९५६ मध्ये हा सापडला. घडवला असावा सहाव्या शतकाच्या आसपास, आज पाकिस्तानात असलेल्या स्वात खोऱ्याच्या परिसरात. आपल्या अजिंठ्याच्या शेवटच्या लेण्यांपासून काळानं फार लांब नाही. त्याच बेटावर आयर्लंडच्या धर्मगुरूच्या दंडाची मूठ निघाली, इजिप्तकडची एक पळीही निघाली. हा इथवर कुणाच्या हातून आला, हे कुठंच लिहिलेलं नाही. एका हाती आला नसेल, एवढं नक्की. सापडला तेव्हा त्याच्या गळ्यात आणि हाताला चामड्याची पट्टी होती. कुणीतरी त्याला जपून बांधलं होतं.

मी त्या पेटीसमोर बराच वेळ उभी राहिले. बाहेर आलो तेव्हा तीन वाजले होते. रस्त्यावरचे दिवे लागले होते.